चार हजारांचा आवाज, चाळीस हजारांचा आवाज

२०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला, तेव्हा जुन्नर-आंबेगावात बऱ्याच जणांची रखडलेली कामं मार्गी लागली. कुणाची विहीर झाली, कुणाच्या मुलीचं लग्न. माझ्या मावसभावानं घर काढलं. घर पुरं झालं, गिलावा वाळला, आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

“दादा, मंचरात चार हजाराला स्पीकरची जोडी मिळती. पुण्यात एकानं चाळीस हजाराची दाखवली. दहापट पैसं घातल्यावर आवाज दहापट चांगला येतो का?”

पुण्याचा दुकानदार म्हणणार, येतो. मंचरचा म्हणणार, सगळं सारखंच असतं हो. दोघांनाही आपापला माल खपवायचा आहे, त्यामुळे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा स्पीकर नावाच्या वस्तूला आधी उघडून बघू, मग पैशाचं बोलू.

१. ढोलकीला दोन तोंडं का असतात?

आवाज म्हणजे हलणारी हवा. ढोलकीवर थाप पडली की कातडं पुढेमागे होतं, त्याच्या लगतची हवा दाबली जाते आणि सैल पडते, आणि तो दाब लाटेसारखा पुढे सरकत आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येतो. हे पुढेमागे होणं सेकंदाला किती वेळा होतं, त्याचा आकडा म्हणजे हर्ट्झ. माणसाचा कान ढोबळमानानं २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढेल तसा वरचा आकडा खाली येतो, साठीच्या माणसाला वरचा बराच भाग ऐकूच येत नाही.

स्पीकर हे काम कातड्याऐवजी द्रोणासारख्या पडद्यानं करतो. पडद्याच्या मागे तारेची गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या फटीत बसवलेली असते. गुंडाळीतून वीज इकडून तिकडे वाहिली की चुंबक तिला ढकलतो, ओढतो, आणि तिच्याबरोबर पडदा हलतो. ही रचना अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. शंभर वर्षं होऊन गेली. चार हजारांच्या जोडीत तीच रचना आहे, चाळीस हजारांच्या जोडीतही तीच, आणि लाखांच्या जोडीतही बहुतेक वेळा तीच. म्हणजे महाग स्पीकरात कसलं वेगळं यंत्र बसवलेलं असतं, हा समज इथेच काढून टाकता येतो.

मग फरक कुठून येतो? ढोलकीकडे बघा. तिला एका बाजूला शाईचं तोंड आहे, त्यातून टणक, टिपेचा बोल निघतो. दुसऱ्या बाजूला धुमाचं तोंड, त्यातून खालचा, घुमारा असलेला बोल. एकाच तोंडातून दोन्ही बोल तितकेच चांगले निघाले असते, तर आपल्या वाजवणाऱ्यांनी दोन तोंडांचा खटाटोप केला नसता. लाटेच्या लांबीत किती फरक आहे बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट त्यामुळे जवळजवळ सात मीटर लांब भरते, आणि १०,००० हर्ट्झच्या बारीक आवाजाची लाट साडेतीन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. पहिली ट्रॅक्टर-ट्रॉलीएवढी, दुसरी बोटाच्या दोन पेरांएवढी. दोन्ही कामं एका पडद्याकडून करून घेणं म्हणजे नांगराच्या बैलाला सुई ओवायला सांगणं.

म्हणून बऱ्यापैकी स्पीकरला दोन तोंडं असतात. मोठं तोंड खर्जासाठी, त्याला वूफर म्हणतात. लहान तोंड बारीक आवाजासाठी, तो ट्वीटर. कुठला आवाज कुठल्या तोंडाकडे पाठवायचा हे ठरवणारा छोटासा भाग आत असतो, त्याचं नाव क्रॉसओव्हर. टोमॅटो जाळीवरून सरकवून मोठा माल एका क्रेटमध्ये आणि बारीक माल दुसऱ्यात काढतात, तशी ही आवाजाची प्रतवारी. स्वस्त स्पीकरात या प्रतवारीवर हात आखडता घेतलेला असतो. पुष्कळदा एकच सुटा भाग जोडून काम भागवलेलं असतं. मग दोन्ही तोंडं मधल्या आवाजाच्या पट्ट्यात एकमेकांच्या हद्दीत शिरतात, आणि नेमका माणसाचा आवाज त्या पट्ट्यात असतो.

२. खर्जाला पैसे पडतात

पैसे खरोखर कुठे लागतात, ते एका हिशोबात दिसतं.

आवाज तेवढाच मोठा ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे १०० हर्ट्झवरून ५० वर, तर पडद्याला चौपट लांब हलावं लागतं. आणखी एक सप्तक खाली, २५ वर, तर सोळापट. हवा ढकलायची असते, आणि ढकललेली हवा म्हणजे पडद्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याची हालचाल. आता बारा इंची पडदा आणि तीन इंची पडदा शेजारी ठेवा. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. बारा इंची पडदा दोन मिलिमीटर हलून जो धुम काढेल, तोच काढायला तीन इंची पडद्याला ३२ मिलिमीटर हलावं लागेल. सव्वा इंच! तो पडदा चौकटीतून निसटून बाहेरच येईल. सुपानं उफणणं आणि हाताच्या पंज्यानं उफणणं यात जो फरक आहे तोच इथे आहे, आणि त्यावर कुठलीही जाहिरात मात करू शकत नाही.

मग हाताच्या मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर ढोलकी ऐकवतो ती कशी? तिथे अर्धं काम आपला मेंदू करतो. कुठल्याही वाद्याचा सूर एकटा येत नाही. ८० हर्ट्झच्या सुरासोबत १६०, २४०, ३२० असे वरचे सूरही येतात. लहान स्पीकरला ८० काढता येत नाही, पण वरचे काढता येतात, आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू ओळखतो की खाली ८० असणार. कुंपणावरून नुसती शिंगं दिसली तरी पलीकडे बैल उभा आहे हे आपण ओळखतोच. फक्त शिंगं बघून बैलाच्या अंगाची ऊब लागत नाही. धुमाचा ठोका पोटात जाणवायचा असेल तर हवा हलावीच लागते. मोठा पडदा, तो सैल न पडता लांब हलावा म्हणून चांगली कडा, त्याला आवरायला दांडगा चुंबक आणि हे सगळं मावेल असा खोका, या प्रत्येकाला पैसे पडतात. चार हजारांत ते बसत नाहीत.

खोक्याचं जरा सांगतो, कारण तो दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. कलिंगड घेताना टिचकी मारतो तशी स्पीकरच्या बाजूच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करा. ‘ठप्’ असा मेलेला आवाज आला तर बरं. डब्यासारखा ‘ढब्’ वाजला तर समजा, पडदा हलला की ही फळीही त्याच्यासोबत गायला लागणार. खोक्यानं गाऊ नये, तिथे तमाशातल्या झिलकऱ्याचं काम नाही. जाड फळी, आतून मारलेल्या आडव्या पट्ट्या, हे वजन वाढवतं आणि किंमतही. स्पीकर उचलून बघणं ही अडाणी तपासणी वाटेल, पण तिला पुष्कळ अर्थ आहे.

पण इथून पुढे हिशोब बदलतो. भुकेल्या जमिनीला खताची पहिली गोणी पडली की पीक उसळतं. दुसरीनं आणखी थोडं. पाचवी गोणी टाकली की दुकानदार खूश होतो, पिकाला पत्ताही लागत नाही. स्पीकरचं तसंच आहे. चारवरून पंधरा हजारांवर जाताना जो फरक पडतो तो शेजाऱ्यालाही कळतो. चाळीस हजारांवरून दीड लाखावर जाताना पैसे लाकडाच्या पॉलिशला, परदेशातून येण्याच्या भाड्याला, करांना, गालिचा अंथरलेल्या दालनाला आणि नावाला जास्त जातात, आवाजाला कमी. फरक नसतोच असं नाही, पण तो ऐकायला शांत खोली आणि कान देऊन बसणारा माणूस लागतो.

३. दहा हजार वॅटचा डबा

मी कॉलेजात असताना यात्रेतल्या एका दुकानातून एक डबा घेतला होता. त्यावर चंदेरी अक्षरांत ‘१०,००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं. भिंतीतल्या साध्या प्लगला लावला. घराची वायर जळाली नाही, मीटरही नेहमीच्याच संथपणे फिरत राहिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दहा हजार वॅट म्हणजे पाच-सहा गिझर एकदम चालू! पीएमपीओ हा आकडा क्षणभरात कल्पनेनं गाठलेला उच्चांक असतो, आणि तो कसा काढायचा याचा सर्वांनी पाळावा असा नियमच नाही. बघायचा आकडा आरएमएस म्हणून लिहिलेला असतो, म्हणजे स्पीकर सलग पेलू शकतो ती शक्ती. माझा डबा त्या हिशोबानं वीस वॅटचाही नसावा.

तरीही वॅटवरून आवाज कळत नाही. त्यासाठी डेसिबल समजून घ्यावं लागतं. वीज दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबल चढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वीज दसपट. तेव्हा पन्नास वॅटचा टाकून शंभर वॅटचा आणला, तर तो दुप्पट मोठा वाजतो असं नाही, किंचितच मोठा वाजतो.

शिवाय एका वॅटमधून किती आवाज काढतो हे प्रत्येक स्पीकरचं वेगळं. घरातला लहान स्पीकर एक वॅटमध्ये, एक मीटरवर, साधारण ८५ डेसिबल देतो. यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटाच्या कडेला बांबूवर बांधलेला भोंगा साधारण १०५ देतो. २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट वीज. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, एक मीटरवरून शंभर मीटरवर जाईतो ४० डेसिबल गळतात. भोंग्याला ३० वॅट दिले तर शंभर मीटरवर ८० डेसिबल पोचतात. गर्दीच्या गलक्यातूनही गाड्याचा पुकारा आणि ‘भिर्रर्र’ ऐकू येतं. तेवढंच घरच्या स्पीकरकडून हवं असेल तर त्याला ३,००० वॅट द्यावे लागतील, आणि पहिल्या मिनिटात त्याच्या गुंडाळीचा धूर निघेल. मग तो चाळीस हजारांचा असो की चार लाखांचा.

भोंग्यातून लावणी ऐकाल तर कान किटतील. त्याच्यात खर्ज नाही, टीप नाही, मधला तेवढाच पट्टा आहे. पण शब्द कळतात ते त्याच पट्ट्यात. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत माइकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. मोटवाने यांच्या मुंबईतल्या त्या कंपनीचे कर्णे मैदानभर माणसांना शब्द पोचवत होते. त्या कर्ण्यांना कुणी ‘वाईट आवाजाचे’ म्हणालं नाही, कारण त्यांच्याकडून संगीताची अपेक्षाच नव्हती.

तमाशाचं मात्र अवघड आहे. नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, ज्यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांच्या पिढीनं सुरुवातीची वर्षं उघड्या गळ्याची फेक कमावण्यातच घालवली. आज फडाला भोंग्याची लांब फेक हवी, शब्द स्वच्छ हवेत आणि ढोलकीचा धुमही शेवटच्या रांगेत पोचायला हवा. म्हणून त्यांच्या ट्रकमध्ये माणसाच्या उंचीचे खोके असतात. तिथे पैसे वाचवायला जागाच नाही.

४. खोडदची जाळी

नारायणगावपासून जवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जवळ गेल्यावर पाहुण्यांना धक्का बसतो, कारण तबकडी भरीव नाही, तारेची जाळी आहे. आरपार आभाळ दिसतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुद्दाम तशी केली. आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लाटा त्यांना टिपायच्या होत्या त्यांची लांबी सुमारे २१ सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लाटेला एवढं बारीक भोक दिसतच नाही, तिच्या लेखी ती जाळी म्हणजे चकचकीत आरसा. वारा मात्र आरपार निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च कितीतरी खाली आला.

भरीव पत्रा घातला असता तर दुर्बीण महाग झाली असती, चांगली झाली नसती. चांगला अभियंता पैसा कुठे ओतायचा नाही हे आधी ठरवतो. स्पीकरच्या बाजारात हा गुण विरळ आहे असं माझं मत. तिथे सोन्याचा मुलामा दिलेली टोकं आणि सापाएवढ्या जाड वायरी हौसेनं विकल्या जातात. दहा-पंधरा फुटांच्या अंतराला साधी, बऱ्यापैकी जाड तांब्याची वायर पुरते.

५. डोळे झाकल्यावर

आता कानांची परीक्षा. फ्लॉइड टूल हे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत स्पीकरवर अनेक वर्षं काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवायची पद्धत लावून धरली. त्यांच्याबरोबर काम केलेले शॉन ऑलिव्ह पुढे हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत गेले, आणि १९९४ साली त्यांनी स्वतःच्याच कंपनीतली ४० माणसं प्रयोगाला बसवली. चार स्पीकर होते. मोठे, देखणे, महागडे होते, आणि एक लहान, स्वस्त संचही होता. एकदा सगळं डोळ्यांसमोर ठेवून ऐकवलं, एकदा पडद्याआड.

डोळे उघडे असताना मोठ्यांना भरभरून गुण मिळाले आणि स्वस्त संच तळाला गेला. पडदा ओढल्यावर मोठ्यांचे गुण उतरले आणि तो लहान संच वर सरकला. मला यातला आणखी एक बारकावा जास्त महत्त्वाचा वाटतो. स्पीकरची जागा बदलल्यावर आवाज खरोखर बदलत होता. पडद्याआड ऐकणाऱ्यांनी तो बदल टिपला. बघत ऐकणाऱ्यांनी फारसा टिपलाच नाही. त्यांचं मत डोळ्यांनी आधीच देऊन टाकलं होतं.

याचा अर्थ सगळे स्पीकर सारखे, असा काढू नका. पडद्याआड माणसं ठामपणे निवड करतात, आणि बहुतेकांची निवड जुळते. २००४ साली ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांची मोजमापं आणि लोकांची पसंती ताडून पाहिली. नुसत्या मोजमापांवरून पसंतीचा पुष्कळ नेमका अंदाज बांधता आला, आणि त्या गणितात किमतीला जागाच नव्हती. लोकांना आवडलं ते असं: स्पीकरनं कुठल्याच सुराचा पक्षपात करू नये. काट्यावर किलोभर कांदा आणि किलोभर टोमॅटो सारखाच तोलला जावा, तसं. समोरून ऐकताना तोल हवा आणि बाजूला फेकलेल्या आवाजातही हवा, कारण तो भिंतीवर आपटून शेवटी आपल्याकडेच येतो. यापलीकडे सुमारे ३० टक्के वजन खर्जाचं, म्हणजे धुम किती खोलवर जातो त्याचं. तोल राखायला मुख्यतः डोकं लागतं, म्हणून मध्यम किमतीतले काही स्पीकर महागड्यांना मागे टाकतात. खोल खर्जाला मात्र मघाशी पाहिलं तसं साहित्य लागतं.

दुकानात एक फसगत हमखास होते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं होतं की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढला की तोच खर्ज भरून येतो. त्यामुळे दोन स्पीकरांतला जो किंचित मोठा वाजतो तो भरीव आणि छान वाटतो. विक्रेत्याचा अंगठा कुठल्या स्पीकरच्या वेळी बटणावर जातो, तेवढं बघत राहायचं.

६. गोधडी आणि कोपरा

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे प्राध्यापकाचं बोलणं कुणाला कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण शिक्षकाकडे ते काम आलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, मांडायचा, घुमणं किती कमी झालं ते मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचा. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा सेकंदभरावर आला. खोलीचा आवाज मोजायचं शास्त्र तिथे सुरू झालं.

आपल्याकडे हा अनुभव लेण्याद्रीला येतो. तीनेकशे पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या सभागृहात जा. एकही खांब नसलेलं, डोंगरात कोरलेलं भलंमोठं दालन, चारी बाजूंनी नागडा दगड. आरतीच्या टाळ्या एकमेकींत मिसळतात, शब्द विरघळतात. भक्तीला ते शोभून दिसतं, बातम्यांना शोभणार नाही. मावसभावाचं नवं घर त्याच जातीचं निघालं. चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती, पडद्यांचा पत्ता नाही. तिथे पाऊल टाकताच माझ्या ध्यानात आलं की स्पीकर कुठलाही आणा, निम्मा आवाज हे घरच काढणार.

खर्जावर तर खोलीचं राज्यच असतं. मावसभावाची बैठक पंधरा फूट बाय दहा फूट. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ज्या लाटेची अर्धी लांबी दोन भिंतींमध्ये नेमकी बसते ती खोलीत झोके घेऊ लागते. ३४३ भागिले ६.१, म्हणजे ५६ हर्ट्झ. लांबीच्या बाजूनं तेच गणित केलं तर साडेसदतीस. हे सूर भिंतीलगत आणि कोपऱ्यात फुगतात, खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतात. बसायची खुर्ची चार फूट सरकवली तरी धुम येतो किंवा जातो. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते कुणी करत नाही.

७. आजीच्या लुगड्याआड

शेवटी आम्ही घरीच परीक्षा घेतली. चार हजारांची जोडी मंचरहून आणलेली होती, चाळीस हजारांची एका ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणली. बैठकीत दोरी बांधून तिच्यावर आजीचं जुनं नऊवारी टाकलं. विरलेलं सुती लुगडं आवाज अडवत नाही. तिथे गोधडी टाकली असती तर टीप गिळली गेली असती. खुर्चीवर मोबाइल ठेवून डेसिबल मोजायच्या ॲपवर दोन्ही जोड्या सारख्या आकड्यावर आणल्या. ते ॲप खरा आकडा दाखवत नसेलही, पण दोघांना एकाच खोट्या मापानं मोजलं की झालं. पलीकडे भाचा नाणं उडवून वायरी बदलत होता.

मावसभावानं दहा वेळा ओळखायचं होतं. आधी एका प्रवचनाची ध्वनिफीत लावली. दहापैकी सहा बरोबर. नुसतं अंदाजानं बोलला असता तरी पाच आले असते. मग ढोलकीची लावणी लावली. दहापैकी नऊ. एवढे किंवा त्याहून जास्त नशिबानं येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे त्र्याण्णवात एक. त्याला खरंच ऐकू येत होतं. कुठे कळतंय विचारलं, तर त्यानं छातीच्या जरा खाली हात ठेवला.

ओळखणं वेगळं आणि आवडणं वेगळं. त्यासाठी त्याचे चुलते तात्या यांना बसवलं. ऐंशी ओलांडलेले, तरुणपणी विठाबाईंचा फड बघायला रात्री चालत जाणारे. कुठली जोडी किती रुपयांची हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही ऐकल्या आणि स्वस्त जोडीकडे बोट केलं. “ही बरी. ती दुसरी रांजणात तोंड घालून बोलल्यावानी करती.”

मावसभावाचा चेहरा उजळला, छत्तीस हजार वाचले! मी पलीकडे जाऊन पाहिलं. भाच्यानं मोठी जोडी जागा कमी म्हणून अगदी कोपऱ्यात सारली होती. ती अडीच फूट पुढे ओढली, मागच्या भिंतीला दोन गोधड्या टांगल्या, फरशीवर सतरंजी घातली. पुन्हा लावणी. आता तात्यांचं बोट दुसरीकडे वळलं. पण सतरंजी-गोधडीनं स्वस्त जोडीही सुधारली होती, आणि दोघींतलं अंतर आधी वाटलं होतं त्यापेक्षा कमी झालं होतं.

“तात्या, ह्यो दहापट चांगला हाय का?” मावसभावानं विचारलं.

तात्यांनी तीच लावणी तिसऱ्यांदा लावायला सांगितली. मान खाली घालून ऐकली, मांडीवर बोटं वाजवत राहिले, मग थांबले.

“दोन्हीत हलगी तापवल्याली न्हाई,” ते म्हणाले. “ज्यानं रेकॉर्ड केलं त्यानं घाई केली. शेकोटीपाशी अजून जरा धरायला पाहिजे व्हती.”